टोपल्या गिळणारा रस्ता

एका राज्यात रस्ता एकच होता. राजधानीच्या दरवाज्यातून निघे, तांबड्या मातीतून आणि गोरखचिंचेच्या बनातून वीस कोस जाई, आणि मिठाच्या मुलखाच्या वेशीशी थांबे. मीठ त्याच रस्त्याने येई, नवऱ्या मुली त्याच रस्त्याने जात. राजाचे नाव भद्रसेन. राजा वाईट नव्हता हो, पण त्याला मोजायचा भारी नाद. दिसेल ते मोजी. रस्त्यावर खडी टाकणाऱ्यांची मजुरीसुद्धा टोपल्या मोजून देई.

आता तुम्हीच सांगा, टोपलीवर पोट असल्यावर खड्डा बुजावा असे कोणाला वाटेल? खड्डा मोठा तर मजुरी मोठी. टोळीतली माणसे खड्डा भरत आणि उठता उठता कुदळीचा एक घाव कडेला घालून ठेवीत, उद्याची सोय म्हणून. त्या टोळीत हौसा नावाची बाई होती. खडी फोडण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि तो घाव घालण्यातही नव्हते. मला तिच्याबद्दल माया आहे, पण खोटे कशाला बोलू?

एकदा एक मांत्रिक आजारी आईला गाडीत घालून वैद्याकडे निघाला. बनात पोचता पोचता चाक खड्ड्यात गेले, आस मोडला, आणि म्हातारीने तिथेच डोळे मिटले. मांत्रिकाने खड्ड्याच्या कडेचा ताजा घाव पाहिला. आईला अग्नी दिला, राख रस्त्यावर पसरली आणि म्हणाला, "मोजून टाकलेली प्रत्येक टोपली हा रस्ता गिळील. ज्या दिवशी राजा एकही टोपली न टाकणाऱ्याला पुरती मजुरी देईल, त्या दिवशी शाप सुटेल." एवढे बोलून तो ससाणा झाला आणि उडून गेला.

लोक हसले. असा राजा कुठे जन्माला यायचा? टोळीचे तर फावलेच. सकाळी शंभर टोपल्या टाकाव्या, दुपारी रस्त्याने त्या गिळून ढेकर द्यावी, की पुन्हा शंभर टाकाव्या.

हौसाही हसली होती. त्याच वर्षी तिने आपली एकुलती लेक येसा मिठाच्या मुलखात दिली. वरात कशीबशी पार गेली, आणि मागोमाग रस्ता खचला तो खचलाच. बैल पोटापर्यंत रुतू लागले. एक सुगी गेली, दुसरी गेली. हौसा दोनदा पायी निघाली. दुसऱ्या खेपेला रस्त्याने तिचा पाय घोट्यात धरला, आणि सोडला तो लंगडा करूनच सोडला. अशी सहा वर्षे झाली. लेकीच्या कपाळावर केसांचा भोवरा होता. एके दिवशी तो डावीकडे होता की उजवीकडे, हेच हौसाला आठवेना. तेव्हा ती चुलीपुढे बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

रडून झाल्यावर उठली आणि दारापुढच्या खड्ड्यात तिने खडी ओतली. मजुरीसाठी नव्हे. लेकीची गाडी कधी आलीच, तर निदान आपल्या दारात अडू नये, एवढ्यासाठी. किती टोपल्या ओतल्या ते तिने मोजले नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तो खडी जागच्या जागी. हौसा तडक दरबारात गेली.

"महाराज, रस्ता माझ्या हाती द्या."

"टोपलीला काय घेशील?" राजाने विचारले.

"टोपली मोजू नका, महाराज. रस्ता मोजा."

रस्ता कसा मोजायचा, हे कोणी राजाला शिकवले नव्हते. तो प्रहरभर विचार करीत बसला. मग म्हणाला, "तीन अटी घालतो. काठोकाठ भरलेला दुधाचा हंडा बैलगाडीतून वेशीपर्यंत जावा, थेंब सांडू नये. पाऊस थांबल्यावर घटकाभरही पाणी रस्त्यावर उभे राहू नये. खड्डा पडला तर त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत बुजावा. तिन्ही पाळल्यास, तर महिन्याला गाडीभर ज्वारी. एक जरी मोडलीस, तर कणही नाही. वर्षाची मुदत. तोवर वेशीपलीकडे पाऊल टाकायचे नाही."

"मान्य आहे," हौसा म्हणाली.

तिने वाटेवरच्या वस्त्यांतल्या बायका हाताशी घेतल्या. ज्वारी वाटून घ्यायची, रस्ताही वाटून घ्यायचा. पण खडी बसेना, बैलांच्या खुरांनी उखडू लागली. हौसा वाळवीच्या वारुळापाशी गेली. आत वाळवीची राणी होती.

"राणी, तुझी माती घट्ट आहे. मला दे."

"बदल्यात काय?"

"या रस्त्यावर मोडलेल्या सगळ्या गाड्यांचे लाकूड."

"ने," राणी म्हणाली. त्या मातीत खडी अशी बसली, की दुधाचा हंडा वेशीपर्यंत गेला आणि वरची साय मोडली नाही.

पुढे पाऊस झाला, रस्त्याच्या मधोमध तळे साचले. हौसाने पाण्याला विचारले, "बाबा, इथे बसायची तुला आवड आहे का?"

"नाही गं बाई," पाणी म्हणाले. "मला उताराला जायचे आहे. पण वाट कोणी ठेवलीच नाही."

मग बायकांनी रस्ता मध्ये उंच केला, दोन्ही कडांनी चर खणले, मोऱ्यांत अडकलेला पाला उपसला. पाणी खळखळत निघाले, मिठाच्या मुलखाच्याच दिशेने निघाले. हौसा भिजत तिथे उभी राहिली. पाण्याला जायला मिळाले, मला कधी मिळणार, असे म्हणून ती पुन्हा रडली.

तिसरी अट सगळ्यांत अवघड. वीस कोसांत खड्डा कुठे पडला, हे लंगड्या बाईला कळावे कसे? बनात एक धनेश पक्षी राहत होता. त्याची मादी झाडाच्या ढोलीत अंडी उबवीत बसली होती. ढोलीचे दार चिखलाने लिंपलेले, चोच मावेल एवढीच फट. धनेश दिवसभर हिंडून तिला फळे भरवी.

हौसा म्हणाली, "हिंडतोसच आहेस, तर खाली रस्ताही पाहत जा."

"पाहीन," धनेश म्हणाला. "मीही कोणाला तरी वाट पाहायला लावून आलेला असतो."

तेव्हापासून खड्डा दिसला की तो जवळच्या वस्तीवर ओरडे, आणि ऊन कलायच्या आत बायका खड्डा बुजवीत. महिन्यातून एकदा तो वेशीपलीकडे उडून जाई आणि निरोप आणी. "येसा विचारते, निघू का?"

हौसा मोऱ्या आठवी, उतार आठवी, बनातले वळण आठवी आणि म्हणे, "अजून नको." दुसऱ्या महिन्याला पुन्हा तेच, तिसऱ्यालाही तेच. आईने लेकीला येऊ नको म्हणायचे, हे काय सोपे असते? पण बनात मरून पडलेली म्हातारी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. महिन्याच्या महिन्याला ज्वारी मिळे, दरवेळी खड्डे आधीपेक्षा कमी असत. अकराव्या महिन्यात एकही पडला नाही. बायकांनी नुसते गवत कापले आणि मोऱ्या झाडल्या. तेव्हा हौसा धनेशाला म्हणाली, "सांग तिला, नीघ."

महिना भरला, हौसा ज्वारी मागायला दरबारात गेली. राजाचा नाद थोडाच सुटला होता? त्याने विचारलेच, "या महिन्यात टोपल्या किती टाकल्या?"

"एकही नाही, महाराज."

दरबार खो खो हसला. राजाच्या कपाळाला आठी पडली. "काहीच केले नाहीस, मग मजुरी कशाची मागतेस?"

प्रधान मायाळू होता. हौसाजवळ वाकून हळूच म्हणाला, "अगं, दोन-चार टोपल्या सांगून टाक. मी मांडून घेतो. कशाला वाद?"

तेवढ्यात धनेश खिडकीत उतरला. "गाडी बनात शिरली," तो म्हणाला.

सात वर्षांपूर्वीच्या हौसाने पापणी न हलवता चारशे टोपल्या सांगितल्या असत्या. पण मोजलेली टोपली रस्ता गिळतो, आणि रस्त्यावर आता येसा होती. हौसा म्हणाली, "टोपली टाकली नाही, कारण टाकावी लागली नाही. महाराज, दूध सांडले का? पाणी साचले का? खड्डा राहिला का?"

"ते मला काय ठाऊक?" राजा चिडून म्हणाला. "टोपली मला कळते. आजपासून पुन्हा टोपल्या..."

वाक्य पुरे व्हायच्या आत दरबाराची फरशी थरथरली. धनेश उंच उडाला, पाहून खिडकीत परतला आणि म्हणाला, "बनात रस्ता फाटतो आहे. बैल थांबले."

हौसा राजाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "महाराज, त्या गाडीत माझी लेक आहे. सात वर्षे मी तिला पाहिलेले नाही. तुम्हाला मोजायचेच असेल, तर दारात फिर्यादी किती उभे आहेत ते मोजा."

राजाने प्रधानाला धाडले. पूर्वी त्या दारात मोडक्या आसांचे, लंगड्या बैलांचे, वाटेत मेलेल्या माणसांचे फिर्यादी रांगेने उभे असत. प्रधान गेला आणि परत आला.

"कोणी नाही, महाराज. द्वारपाल म्हणतो, रस्त्याची फिर्याद घेऊन सहा महिन्यांत कोणी आलेच नाही."

जन्मभर मोजणाऱ्या राजासमोर पहिल्यांदाच काही नसण्याची मोजदाद आली. तो म्हणाला, "हिने एकही टोपली टाकलेली नाही. हिला पुरती मजुरी द्या."

फरशी स्थिर झाली. बनातला रस्ता मिटला, आणि सात वर्षांत गिळलेली सगळी खडी त्याने परत दिली. दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचे नीटस बांध उभे राहिले, थेट वेशीपर्यंत. एक ससाणा बनात उतरला, माणूस झाला आणि आईची राख पसरली होती तिथे जाऊन बसला. त्या दिवसापासून त्या राज्यात रस्ता राखणाऱ्याची मजुरी रस्ता पाहूनच ठरू लागली.

हौसा मात्र हे ऐकायला थांबली नव्हती. ज्वारी तिथेच टाकून ती लंगडत दरवाज्याबाहेर गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिसऱ्या प्रहरी गाडी आली. येसा उतरली, बाईमाणूस होऊन आलेली, आईपेक्षा वीतभर उंच. हौसाने तिचे तोंड दोन्ही हातांत धरले. भोवरा डावीकडे होता. बोलायचे खूप होते, पण तोंडातून आले ते असे, "वाटेत फार त्रास झाला का गं?"

"त्रास कसला?" येसा म्हणाली आणि गाडीतल्या गोधडीचा कोपरा तिने उचलला. आत वर्षाची मुलगी होती, गालाखाली हात घेऊन गाढ झोपलेली. "वेशीवर डोळा लागला हिचा. बनात गाडी थांबली, पुन्हा चालली, तरी अजून उठली नाही. घे ना तिला."

हौसाने हात पुढे केले आणि मागे घेतले. सात वर्षे तहानलेली बाई ती, पण तिने नातीला उचलले नाही. गाडीवानाला म्हणाली, "बाबा, चल, घरापर्यंत असाच हळूहळू चल." आणि गाडीच्या कडेला धरून ती लेकीबरोबर चालू लागली.

जशी हौसाच्या दारी तिची माणसे सुखाने आली, तशी ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या दारी येवोत.