जुवाला बांधलेली चिंधी

गाडी गोठ्यात उभी असताना दादा पायी का गेला?

एका गावातला एक धाकटा भाऊ भेटेल त्याला हे विचारत होता. त्याचा थोरला भाऊ गाडीवान होता. नदीपलीकडच्या गावात वहिनीचे वडील आजारी पडल्याचा निरोप आला, तेव्हा धाकटा शेतावर होता. थोरला बायकोला एवढंच म्हणाला, "तू थांब. मी बघून येतो." गाडीने गेला असता तर पुलावरून गेला असता. पायवाट मात्र नदीच्या पात्रातून जात होती. तो पायी निघाला, वरून पाण्याचा लोंढा आला आणि तो परत आलाच नाही.

शेजारी म्हणाले, "आता विचारून काय होणार?" वहिनीलाही कारण ठाऊक नव्हतं.

धाकट्याला ती गाडी डोळ्यासमोर नकोशी झाली. तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ती एका कुंभाराला देऊन टाकली. बदल्यात कुंभाराची दुभती गाय घेतली. कुंभाराने विचारलं, "गाडी धड आहे ना रे पोरा?"

"माझ्या दादाची गाडी आहे," धाकटा म्हणाला. त्याने खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. गाडीच्या जुवाला एक तांबडी चिंधी बांधलेली होती. ती त्याने सोडली, त्याच चिंधीने चाकांवरची धूळ पुसली आणि मग गायीच्या गळ्यात घंटा बांधायला तीच वापरली.

पुढच्याच बाजाराला गाडीची आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, उतारावर मोडली. मडकी फुटलीच, पण वर बसलेल्या कुंभारणीचा हातही मोडला. कुंभाराने फिर्याद केली.

त्या राज्यात लहानसहान तंट्यांसाठी एक वेगळा न्यायाधीश होता. तिथे वकील चालत नसे. ज्याचं त्याने बोलायचं आणि तंट्यातल्या वस्तू अंगणात आणून उभ्या करायच्या. ज्याने फसवलं असेल त्याच्या नावाची दवंडी त्याच्याच दारात पिटायची. तो मेला असला तरी पिटायची.

 रात्रंदिवस धाकट्याला आपल्या दारातला ढोल ऐकू येऊ लागला. गावातला एक शहाणा त्याला म्हणाला, "भितोस कशाला? सांग, गाडी भावाची होती, खोट त्यानेच लपवली. मेलेल्याला चोपदार धरून नेत नाही."

"आणि दवंडी?"

"ती त्याच्या नावाची होईल. त्याला कुठे ऐकू येणार आहे?"

 वहिनीला ऐकू येईल, हे धाकट्याच्या मनात आलं. पण भीती एवढी होती की तो नाही म्हणू शकला नाही.

ठरल्या दिवशी तो गाय घेऊन न्यायाधीशाच्या अंगणात उभा राहिला. समोर मोडकी गाडी होती. पलीकडे एका गाडीवानाने आपली गाडी सावलीला सोडली होती आणि तिच्या जुवाला तांबडी चिंधी होती.

"ही कशाला बांधलीय?" धाकट्याने विचारलं.

"गाडीवानाचा भाऊ ना तू? एवढंही माहीत नाही?" गाडीवान हसला. "इथे पोचता पोचता आसेला भेग पडली. चिंधी असेपर्यंत गाडी जुंपायची नाही, कुणाला बसवायचं नाही. सुताराने दुरुस्त केली की मग सोडायची."

 दादाने खोट लपवली नव्हती. त्याने सांगून ठेवलं होतं, आणि ते सांगणं धाकट्यानेच सोडून गायीच्या गळ्यात बांधलं होतं.

तेवढ्यात चोपदाराने पुकारा केला. धाकट्याचा हात गायीच्या गळ्याकडे गेला. एक गाठ सोडायची आणि चिंधी कमरेला खोचायची, कुणाला काही कळणार नव्हतं.  त्याला गाठ सापडलीसुद्धा.

"बोल," न्यायाधीश म्हणाले. "खोट कुणी लपवली? तू की तुझ्या भावाने?"

धाकट्याने गाठ सोडली आणि चिंधी वर धरली.

"सरकार, दादाने ही जुवाला बांधली होती. मी ती काढली. मला अर्थ माहीत नव्हता, पण मी कुणाला विचारलंही नाही. दादाचं नाव दवंडीत घालू नका. माझं घाला."

 मग कुंभारच पुढे आला. "खरं आहे, सरकार. गाय नेताना याने माझ्यादेखतच ती घंटेला बांधली. मीही विचारलं नाही."

न्यायाधीशांनी निकाल दिला. "गाय परत कर. गाडी घेऊन जा. कुंभारणीचा हात बरा होईपर्यंत कुंभाराची माती तू वाहायची. दवंडी लपवणाऱ्याची असते. इथे कुणी लपवलेलं नाही."

गाय गेली. घरातलं दूधही गेलं. धाकट्याने मोडकी गाडी घरी आणली, चिंधी पुन्हा जुवाला बांधली आणि डोक्यावरून माती वाहिली. कुंभारीण पुन्हा चाकाशी बसू लागली, तेव्हा त्याने सुताराकडून गाडीला नवी आस घालून घेतली.

तरी त्याची भीती गेली नव्हती. त्याने चिंधी तशीच ठेवली, गाडीत दगड भरले, एकटाच उतार उतरला, पूल ओलांडला आणि परत आला. वाकून आस पाहिली. मग जुवाची चिंधी सोडली.

"वहिनी, बसा. तुमच्या वडिलांना भेटवून आणतो."

वहिनीने गाडीकडे पाहिलं. "भाऊजी, हीच गाडी गोठ्यात होती. मग ते पायी का गेले?"

"आस तडकली होती. त्याला तुम्हाला हिच्यात बसवायचं नव्हतं."

वहिनीने चाकावर हात ठेवला. मग ती चढून बसली. धाकट्याने बैल जुंपले आणि पुलाच्या रस्त्याने तिला अगदी सावकाश माहेरी नेलं.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची वस्तू देऊन टाकण्याआधी ती नीट पाहावी, आणि आपली चूक त्याच्या नावावर टाकू नये. तो उत्तर द्यायला येऊ शकत नाही.