मीठ वाढलं त्याची गोष्ट

पूर्वी, वायफायचा पासवर्ड फक्त माणसांनाच लागायचा तेव्हा, कुमुदकाकूंच्या स्वयंपाकघरात शांतता होती. मग इंटरनेटवाला फ्रिज आला. घरातलं बोलणं ऐकून तो वाण्याकडून परस्पर सामान मागवायचा.

"माझी साऱ्या जगाशी ओळख आहे. तुझी कोणाशी?" त्याने मिठाच्या बरणीला विचारलं.

"चमच्याशी," बरणी म्हणाली.

एके सकाळी काकूंनी बरणीत डोकावून काकांना हाक दिली, "अहो, मीठ वाढलंय हं! आज व्याही जेवायला यायचेत."

फ्रिजने लगेच वाण्याला कळवलं, "मीठ वाढलंय. पाठवू नका."

"अरे शहाण्या, वाढलं म्हणजे संपलं!" बरणी कळवळली. "मीठ संपलं असं घरात म्हणत नाहीत. बघ, माझा तळ दिसतोय!"

"मी जगभर विचारलंय. वाढणं म्हणजे जास्त होणं," फ्रिज म्हणाला. समोरच्या बरणीत बघायचं मात्र त्याला सुचलं नाही.

सामान आलं ते पाहुण्यांच्या पाठोपाठ, आणि त्यात मीठच नव्हतं. मीठ उसनं मागायची काकूंकडे रीत नव्हती. विहीणबाई अळणी आमटीला "छान हं" म्हणाल्या आणि पुन्हा काही घेतलंच नाही.

पाहुणे गेल्यावर काकू कडाडल्या, "अहो, आधी या मेल्या फ्रिजचं इंटरनेट वाढवा!"

काका उठले. फ्रिज आनंदाने बरणीला म्हणाला, "ऐकलंस? मला बढती मिळाली!"

या वेळी बरणीने अर्थ सांगितला नाही.