पानमळ्याचा करार

मुलांनो, ऐका, आणि मुलांच्या आयांनो, हातातलं काम बाजूला ठेवून तुम्हीही ऐका. फार फार पूर्वी एका राज्यात एक तरुण बाई होती. नवरा अकाली गेला. मागे उरलं तान्हं मूल, एक पानमळा आणि जमीनदाराबरोबरच्या सामाईक विहिरीतला वाटा. जमीनदाराने तिची पाण्याची पाळीच बंद केली. पानवेली माना टाकू लागल्या.

विहिरीचा करार होता, पण तो जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे. त्या राज्यात रीतच तशी. धनी आपला शिक्का कारभाऱ्याच्या हाती देई आणि सगळे कागद तोच सांभाळी.

ती कारभाऱ्याकडे गेली.

"वहिनी, मी पडलो चाकर. धन्याचा हुकूम आणा, लगेच देतो."

ती जमीनदाराकडे गेली.

"अहो बाई, कागद मी कुठे ठेवतो? कारभाऱ्याला विचारा."

पुन्हा कारभारी, पुन्हा जमीनदार. 'आपल्याला नीट मागताच येत नसेल,' असं तिला वाटे. तसं तिला मुलाला टोपडं बांधतानाही वाटायचं, की हे आपल्याला येत नाही. पण टोपडं बांधलं जायचंच. मूल कडेवर घेऊन ती न्यायाधीशांपुढे उभी राहिली.

"महाराज, पाण्याचं नंतर बघा. आधी तो कागद इथे आणवा."

दोघांना बोलावणं गेलं, पण त्यांनी तिथेही तीच उत्तरं दिली. न्यायाधीशांनी जमीनदाराला विचारलं, "याने तुमचा शिक्का मारून गूळ विकला, तर पैसे कोणाचे?"

"माझेच की!"

"आणि याच्याजवळचा कागद?"

जमीनदार पागोटं सारखं करू लागला.

"मग ऐका. कागद येत नसेल, तर ही बाई सांगेल तोच करार खरा धरीन. बोला बाई, काय लिहिलं होतं?"

तिने तोंड उघडलं मात्र, जमीनदार ओरडला, "थांबा, थांबा! अरे, दे ना तो कागद!"

कारभाऱ्याने कमरेच्या शेल्यातून गुंडाळी काढली.

"एवढाच होता का हुकूम?" न्यायाधीश म्हणाले.

करारात तिला एक दिवसाआड पाणी होतं. न्यायाधीशांनी निकाल दिला, वेली पुन्हा हिरव्या होईपर्यंत जमीनदाराची पाळीही पानमळ्यालाच.

पाटाला पाणी सुटलं, तेव्हा ती बांधावर बसून विचार करत राहिली: तो ओरडला नसता, तर आपण खरं तेवढंच सांगितलं असतं ना? तिला वाटलं, सांगितलं असतं. बहुतेक.

तात्पर्य: आपल्या नावाने वागणाऱ्याच्या मुठीत जे असतं, ते आपल्याच मुठीत असतं, ती उघडायची जबाबदारीही आपलीच.