बकाण निंबाची पिवळी फळे

पूर्वी कुंभवती नगरीत महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या उद्यानातल्या एका बकाण निंबात वृक्षदेवता होऊन राहत होते. ते झाड राजकन्या सुरभीने स्वतःच्या हाताने लावले होते, आणि त्याला पहिला बहर येण्याआधीच ती तापाने गेली होती. वसंतात झाड फिकट जांभळ्या फुलांनी भरून जाई. हिवाळ्यात पाने झडली की उघड्या फांद्यांवर पिवळ्या फळांचे घोस तेवढे उरत. राजा रोज सकाळी येऊन बुंध्यावर हात ठेवून उभा राही.

उद्यानाच्या कडेलाच राजाची श्वानशाळा होती. तिचा रक्षक कालक एकटा माणूस होता. कुत्री हाच त्याचा संसार.

त्या हिवाळ्यात झाडाखाली पिकल्या फळांचा सडा पडला. पिल्लांनी खेळता खेळता ती चघळली. दुपारी त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, पाय लटपटू लागले, आणि संध्याकाळी कालकच्या मांडीवर एकेक पिल्लू थंड झाले. मागोमाग मोठी कुत्रीही तशीच मरू लागली. पाखरे तीच फळे खाऊन खुशाल उडून जात, म्हणून झाडाचा संशय कोणालाही आला नाही.

बोधिसत्त्वांनी देठ घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण पिकलेले फळ देवतेचेही ऐकत नाही.

शेजारच्या आंब्यातली देवता म्हणाली, "तू काही मुद्दाम मारत नाहीस. गप्प राहा. माणसांना कळले तर कुऱ्हाड येईल."

"येऊ दे," बोधिसत्त्व म्हणाले. "ही किंकाळी रोज ऐकण्यापेक्षा ती बरी."

शेवटी चित्रा नावाची एकच कुत्री उरली. राजाने कालकला त्याच झाडाखाली उभे केले.

"विष तूच घातलेस. त्यांना दुसरे कोण भरवते?"

"मीच भरवतो, महाराज," कालक म्हणाला. "मला मारायचे तर मारा. पण चित्राला कोणाच्या तरी हवाली करा. ती दुसऱ्याच्या हातचे खात नाही."

राजाने त्याला सुळी देण्याची आज्ञा केली. तेव्हा बोधिसत्त्व फांद्यांतून प्रकट झाले.

"राजा, त्याला सोड. मारणारा मी आहे. माझ्या फळात विष आहे. हे झाड तोड."

राजाने कालकचे दोर सोडवले. मग तो झाडाला मिठी मारून म्हणाला, "देवते, दुसरे काहीही माग. माझ्या मुलीचे एवढेच उरले आहे. कुत्रीला बांधून ठेवू."

चित्राला बांधले. ती दिवसभर दोरीला हिसके देत भुंकत राही. एका रात्री वाऱ्याने काही फळे घरंगळत तिच्यापर्यंत गेली, आणि तिने ती चघळली.

बोधिसत्त्वांच्या ते उशिरा ध्यानात आले, आणि त्याच क्षणी त्यांनी झाड सोडले. देवतेने सोडलेले झाड मुळापासून सुकते, आणि झाड सोडलेल्या देवतेला कुठेही थारा नसतो, हे त्यांना ठाऊक होते. ते श्वानशाळेत पोहोचले, तेव्हा चित्राच्या तोंडाला फेस आला होता. कालक तिला पाणी पाजू पाहत होता. ते तोंडातून परत बाहेर येत होते.

"थोडे तरी घे गं, बाळ," तो म्हणत राहिला. ती गेल्यानंतरही म्हणत राहिला. बोधिसत्त्व त्याच्याजवळ बसून होते. कालकला ते दिसले नाहीत.

झाड वाळले. राजाने मुलीचा शोक पुन्हा पहिल्यापासून केला आणि देवतेला शिव्याशाप दिले. कालक रिकाम्या श्वानशाळेला कडी घालून नगराबाहेर गेला, तो परतला नाही. बोधिसत्त्व उन्हातान्हात भटकत क्षीण झाले आणि एका ओसाड माळावर त्यांनी देह ठेवला.

ही कथा सांगून शास्ते समोर बसलेल्या श्रेष्ठीला म्हणाले, "गृहस्था, त्या वेळचा राजा तू होतास. आजही मेलेल्या मुलाने लावलेली कण्हेर तुला दारातून काढवत नाही, आणि काल तिचीच विषारी पाने चघळून एक कुत्री मेली. तिला पुरून आलेला हा भिक्षू तेव्हाचा कालक. वृक्षदेवता मीच होतो. त्या जन्मी मला एकाही कुत्र्याला वाचवता आले नाही. तरी आपले घर मोडून दुसऱ्याचे मरण थांबवू पाहणे, याचेच नाव करुणा."

श्रेष्ठीने उठून भिक्षूला विचारले, "भंते, कुऱ्हाड धरायला माझ्याबरोबर याल का? मला एकट्याने जमणार नाही."