न्हाणीघरातला चेहरा

कोकणातल्या एका खोतांच्या परसात न्हाणीघर होतं. ऐन आषाढात तिथल्या भिंतीवर एक काळा चेहरा उमटला. आधी नुसते डोळे होते, मग हनुवटी आली, आणि आंघोळ करणाऱ्याला तो आपल्याकडेच बघतोय असं वाटू लागलं.

तात्या खोत म्हणाले, "ही माझी आई. परत आलीय."

ती निघून जाऊ नये म्हणून त्यांनी खिडकीला खिळे ठोकले. बंबाची वाफ आतच कोंडली, चेहरा फुगत गेला, आणि घरातल्या नातीचा खोकला थांबेना.

शेवटी सून वत्सलेनं खिळे उपसले, भिंत खरवडून कोरडी केली आणि वर चुना फासला.

तात्या हातोडा घेऊनच आले. "माझ्या आईला पुसलंस? चालती हो माहेरी!"

"जाते, मामंजी," वत्सला म्हणाली. "पण आजेसासूबाई तुमच्या ओल्या वहाणांवरही आल्या होत्या. तोच काळा रंग, तोच कुबट वास. काल तुम्ही त्यांना फडक्यानं पुसलंत आणि त्यांच्यावर पाय देऊन देवळात गेलात."

तात्यांनी खाली पाहिलं. अंगठ्यापाशी दोन काळे डोळे पुन्हा उमटत होते.

वहाणा तिथंच सोडून तात्या अनवाणी घरात गेले. खिडकी उघडीच राहिली.