राजाच्या बारा वर्षगाठी

धप्प आवाज सव्विसाला यायचा, तो त्या दिवशी सत्ताविसाला आला!

सारजा ही नवलपुरातल्या दोर वळणाऱ्या भिवाची लेक. पाल चुकचुकली तरी दचकायची. पोहरा पाण्यावर आपटला की तर हमखास. म्हणून विहिरीत पोहरा सोडताना ती दोराचे हात मोजायची. धप्प कितव्या हाताला होणार हे ठाऊक असलं, की जीव जागेवर राहायचा. त्या सकाळी सव्वीस झाले, तिने डोळे मिटून घेतले... आणि काहीच नाही! दोराचं टोक मुठीत धरून ती अर्धी विहिरीत वाकली, तेव्हा कुठे धप्प झालं. ती अशी दचकली, की घागर पायावर पडता पडता राहिली.

"बा, पाणी हातभर खाली गेलं!"

"दर वर्षी जातं, पोरी," भिवा म्हणाला. "राजवाड्यासमोर नवं कारंजं खणायला घेतलं की आपला दोर हातभर वाढवायचा. अकरा कारंजी, अकरा गाठी. आता बारावं खणायला घेतलंय. आण, बारावी मारतो."

तेवढ्यात दवंडीचा ढोल कडाडला. सारजा पुन्हा दचकली.

"ऐका हो ऐका! राजे उदंडराय यांच्या राज्याभिषेकाची बारावी वर्षगाठ! दोरआळीच्या विहिरीचं तोंड उद्यापासून बंद! तिचं पाणी बाराव्या कारंज्याला जाणार होऽ!"

साऱ्या आळीला ती एकच विहीर!

ही करामत प्रधान अंकाजीपंतांची. पंतांनी नगराचा शंभर वर्षांचा आराखडा केला होता, आणि नगर बरं चाललंय की वाईट हे कळावं म्हणून दरबारात निशाणं लावली होती. बरं असेल तर हिरवं, वाईट असेल तर लाल. नगरात पाणी किती? कारंजं किती उंच उडतं ते मोजा. झाडं किती? राजवाड्याच्या भिंतीवर रंगवलेलीही धरा. प्रजा सुखी किती? दादखिडकीशी, म्हणजे गाऱ्हाणं सांगायच्या खिडकीशी, किती हाका आल्या ते बघा. खिडकी होती सातव्या मजल्यावर. बारा वर्षांत एक हाक ऐकू आली नव्हती! सगळी निशाणं हिरवी. खरं म्हणजे लाल निशाणं पंतांनी शिवलीच नव्हती.

सारजाने खिडकीखाली उभं राहून हाक मारली. "दाद द्या, महाराज!" वरून एक कबूतर उडालं. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. घसा बसला, पण ओ म्हणून आली नाही. मग मात्र हातात भरलेला पोहरा घेऊन ती विहिरीचा दोर आणि बापाने वळलेलं शंभर हातांचं नवं वेटोळं खांद्यावर टाकून, नजराणा घेऊन आलेल्या लोकांच्या रांगेत शिरून दरबारात पोहोचली.

"हा नजराणा?" पंत फिसकन हसले. "महाराजांना काय गोठ्यात बांधणार आहेस?"

"न-नाही. महाराज, ह्या गाठी मोजा ना."

राजाने मोजल्या. "बारा."

"आणि तुमच्या राज्याला वर्षं किती झाली?"

"बारा!"

"मग ह्याच की तुमच्या वर्षगाठी, महाराज! वर्षाला एक कारंजं, कारंज्याला एक हात, हाताला एक गाठ. पंतांची निशाणं वर बघतात. आमचा दोर खाली बघतो."

राजाचं तोंड लाल झालं, दरबारातलं पहिलंच लाल निशाण!

"फार शहाणी आहेस!" तो गरजला. "आमचा आराखडा शंभर वर्षांचा आहे. तो चुकला म्हणतेस? मग शंभर वर्षांनंतरचं नवलपूर मला दाखव. आत्ता, इथं! दाखवलंस तर विहीर तुझी. नाही तर विहिरीबरोबर आळीही आराखड्यातून पुसली!"

सारजा दचकली. पण हात दोर वळणाऱ्याचे होते, ते थांबले नाहीत. तिने वेटोळ्याचं एक टोक राजाच्या हाती दिलं, दुसरं पंतांच्या मनगटाला बांधलं आणि पाण्याने भरलेला पोहरा त्यांच्या हातात दिला.

"पंत, दोर ताणला जाईपर्यंत चालत राहा. महाराज, शंभर वर्षांत शंभर हात. दोर संपेल तिथं तुमचं पाणी."

पंत निघाले. पायऱ्या उतरले, चौक ओलांडला, वाड्याच्या दरवाजाबाहेर पडले, थेट दादखिडकीखाली. तिथून ते ओरडले, "दोर संपला होऽ!" दरबारात कोणाला ऐकू गेलं नाही.

"आता ओढा, महाराज. तहान लागली असं समजा."

राजाने ओढलं. मुकुट तिरका झाला, घाम फुटला. हिसका बसला तसा पंतांच्या हातातला पोहरा तिथेच लवंडला, पण मनगटाची गाठ सारजाची! ती कुठली सुटते? राजा ओढत राहिला आणि पगडी गेलेले, धुळीने माखलेले पंत घसरत घसरत सिंहासनाशी येऊन पोहोचले.

"अगं, पाणी कुठं आहे?" राजा धापा टाकत ओरडला. "हे काय वर आलं?"

"पाणी संपलं की विहिरीतून गाळच वर येतो, महाराज!" सारजा बोलून गेली आणि तिने घाबरून तोंडावर हात ठेवला.

मग राजाच्या पोटातून हसू फुटलं. एवढं गडगडाटी, की सारजा पुन्हा दचकली!

"उतरवा ती निशाणं!" राजा डोळे पुसत म्हणाला. "हा बारा गाठींचा दोर सिंहासनामागे टांगा. ह्यापुढे वर्षगाठीला आधी दोर मोजायचा, मग पेढे. आराखडा दोर बघून होईल. अकरातली दहा कारंजी बंद! आणि पंत, विहिरीतला गाळ तुम्ही उपसायचा. ओळखीचा आहे तुमच्या! बोल पोरी, तुला काय देऊ?"

"विहीर मिळाली, महाराज. आता तेवढी खिडकी खाली आणा. पोहऱ्याचं धप्प कितव्या हाताला होतं ते मी रोज मोजते, ते तिथून सांगत जाईन."

महिन्याने खिडकी तळमजल्यावर आली. सारजा घागर कडेवर घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. तिने मनातल्या मनात आकडे मोजले, डोळे मिटले आणि हाक मारली, "दाद द्या, महाराज!"

"ओऽ!" खिडकीतून राजाचा आवाज आला. "बोल सारजा, आज धप्प कितीला?"