जावयबापूंची बोटीवरची चूल

एका गावात एक भोळा जावई होता. गाव खाडीच्या तोंडाशी, जावई हाशा नाखव्याचा, नाव जोमा. भोळा म्हणजे किती? सासू एकदा म्हणली, जरा दारात उभे राहा, मी आलेच. सासू बाजार करून आली, जेवली, झोपून उठली, तरी हा दारातच. मधे कुणी आत जायला बघितलं तर त्याला परसातनं फिरून जायला सांगायचा.

नाखव्याची एक छोटी बोट होती. गावातले सगळे गडी दर्यावर जायचे आणि जोमा काठीला फडकं बांधून वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकायचा. बायको हौशी म्हणायची, माझ्या मैत्रिणींचे नवरे मासळी आणतात, तुम्ही कावळ्यांच्या ओळखी आणता. जोमाला ते फार लागायचं. त्याच्या मनात एकच होतं, एकदा तरी बोटीवर जायचं.

त्या साली बोटीचा भंडारी दुसऱ्या बंदराला गेला. भंडारी म्हणजे बोटीवर रांधणारा. हौशीनं बापाच्या कानाशी भुणभुण लावली. आता जावयाला थेट नाय कसं म्हणायचं? नाखव्यानं जोमाला बोलवून घेतलं.

"जावयबापू, बोटीवर चूल नवी मांडायचीय. भांडी, तवा, शेगडी, सगळं तुम्ही बघून आणा. नारळी पुनव झाली की बोट निघेल. नीट मांडलंत तर भंडारी तुम्ही. नाय तर कावळे हायेतच."

जोमा नाचतच बाजारात गेला. भात शिजवायला एक पितळी भांडं घेतलं, गरगरीत गोल. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, म्हणून घेतलं. बोट खाडीत काढली, भात शिजला, तोवर सगळं छान. मग एक लाट आली. भांडं डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि शेवटी नाखव्याच्या मांडीवर जाऊन बसलं. नाखवा रुमाल नेसून बसलेला. आता गरम भात आणि रुमाल, पुढचं मी सांगत नाय.

नाखवा खाडीत बसून गार झाला. मग दात चावून म्हणला, "जावयबापू, बोटीवरचं भांडं बुडाला रुंद नि तोंडाला लहान बघावं. बोट कितीबी हलली तरी आतलं आतच राहतं."

जोमानं धडा पाठ केला. बुडाला रुंद, तोंडाला लहान. वाटेनं हेच म्हणत दुसऱ्या दिवशी तवा आणायला गेला. दुकानदारानं तव्यामागून तवे दाखवले. जोमा प्रत्येक तवा उलटा करायचा, सुलटा करायचा आणि परत द्यायचा. याला तोंड कुठाय, म्हणायचा. दुकानदार दमला. शेवटी जोमाला कोपऱ्यात एक किटली दिसली. दूधवाल्याची असते ना, तशी बसकी, बूड परातीएवढं, तोंड पेल्याएवढं. हाच तवा, म्हणला, आणि घेऊन आला.

भाकरीची घडी घालून त्यानं ती तोंडातनं आत सोडली. आत ती आपली आपण उलगडली आणि खमंग भाजली. बोट हलवून बघितली, भाकरी काही सांडली नाय. जोमा खूश. फक्त ती बाहेर येईना. सुकाणू धरणारा धर्मा तांडेल होता भुकेचा कच्चा. त्यानं वासावर हात आत घातला आणि भाकरी मुठीत धरली. मूठ काही निघेना, आणि मूठ सोडायला धर्मा तयार होईना. दुपारभर तो किटली हातात घालून गावात हिंडला. लोक त्याच्याकडे दूध मागायला लागले.

शेवटी हौशीनं तेल लावून हात सोडवला. नाखवा म्हणला, "जावयबापू, डोकं बाजारात नेता की घरी ठेवता? घ्यायच्या आधी आत हात घालून बघत जा. सहज गेला, सहज आला, तरच घ्या."

हे जोमाला फार पटलं. तवा आणि रुंद बुडाचा टोप हौशीनं स्वतः जाऊन आणला. राहिली फक्त शेगडी. जोमा दुकानात गेला. दुकानदारानं कौतुकानं शेगडी पेटवून दाखवली, निखारे लालभडक फुलवले. जोमानं बाही वर केली आणि हात घातला.

सहज गेला. बाहेर तर त्याहून सहज आला.

म्हणून त्यानं तीच शेगडी घेतली.

घरी आला तो एक हात वर आणि बगलेत शेगडी. सासूनं कोरफडीचा गर लावला. लावता लावता ती समजवायला लागली. तिचं नाव चांगुणा, बाई मोठी देवभोळी. ती म्हणली, जावयबापू, तुमचं सगळं उलटं का होतं ते मला ठाऊक हाय. आपण दर्याची माणसं. नारळ असो नाय तर पहिला घास असो, घरात नवं काही आलं की पहिलं दर्याला द्यायचं, मग आपण घ्यायचं. तुम्ही दर्याला विसरलात, म्हणून भाजलात.

जोमाला वाईट वाटलं. खरंच की, दर्याला आपण काहीच दिलं नव्हतं. सकाळी उठून त्यानं शेगडीला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, बोटीच्या टोकावर उभा राहून हात जोडले आणि शेगडी दर्याला दिली. बुडुक.

घरी येऊन म्हणला, "मामी, दर्याचं झालं. आता उद्यापास्नं आपण वापरू."

चांगुणा तिथंच खाली बसली. नाखवा धक्क्यावर गेला. ओहोटीची वाट बघितली, गुडघाभर चिखलात उतरला आणि तासभर चाचपडून शेगडी काढली. चिखलानं माखलेला, गळ्यात झेंडूची माळ अडकलेली, असा तो घरी आला. त्या दिवशी हौशीनं बापासमोर डोळ्याला पदर लावला. म्हणली, एवढी एक संधी द्या.

नाखवा विरघळला. बापच तो. जोमाला घेऊन बोटीवर गेला. मागल्या अंगाला चुलीची जागा होती, तीन बाजूंनी फळ्या आणि मागची बाजू दर्याकडे उघडी. त्यानं स्वतः शेगडी ठेवली, टोप ठेवला, तवा ठेवला.

"जावयबापू, आता आणायचं काय नाय, निवडायचं काय नाय. बोटीवर जे सुटं ते दर्याचं. उद्या निघायच्या आधी हितली एकूण एक वस्तू बांधा. आणि जे जागचं हलत नाय अशालाच बांधा. एवढं केलंत तर तुम्ही भंडारी."

जोमानं मान डोलवली. या वेळी चुकायचं नाय, त्यानं ठरवलं.

सकाळी भरती आली. धक्क्यावर सगळं गाव जमलं. बोटीला पताका, नाळेला म्हणजे पुढच्या टोकाला हार, ताशा वाजतोय. हौशी नव्या लुगड्यात पुढंच उभी. जोमा चुलीपाशी दोऱ्यांचा भारा घेऊन बसला. टोपाला दोरी बांधली. आता दुसरं टोक कशाला बांधायचं? फळीला हात लावून बघितला, फळी हलत होती. डोलकाठीकडे बघितलं, ती तर सगळ्यांत जास्त हलत होती. बोटीवर जे जे बघावं ते ते हलत होतं. नाखवासुद्धा हलत होता. मग त्याला धक्क्यावरचा दगडी खांब दिसला. त्याच्याकडे जोमा बराच वेळ बघत बसला. खांब हलला नाय.

जोमानं टोप खांबाला बांधला. तवा बांधला, शेगडी बांधली, तांदळाची गोण, पाण्याचं पिंप, मिठाची बरणी बांधली. मग विचार केला, भंडारीसुद्धा बोटीवरचाच. स्वतःच्या कमरेलाही दोरी बांधली, पक्की गाठ मारली. धक्क्यावर दोऱ्या काय कमी असतात? कुणाच्या ध्यानात आलं नाय.

नाखव्यानं पुढून विचारलं, बांधलं का सगळं? जोमा म्हणला, बांधलं मामा.

धर्मानं इंजिन सुरू केलं. ताशा कडाडला. बोट निघाली, आणि दोऱ्या ताणल्या.

पहिल्यांदा टोप गेला. मग तवा. मग शेगडी. मग पिंप, गोण, बरणी, एकामागून एक, देवळाला निघाल्यासारखी. आणि सगळ्यांच्या मागून, हात जोडलेला, जोमा.

बोट इंजिनाच्या जोरावर अशी सुसाट गेली की वळेपर्यंत खाडीचं तोंड आलं. नाखव्यानं मागं बघितलं. चुलीच्या जागी नुसती जागा. आणि तिकडे धक्क्याला खांबापाशी सगळी चूल पाण्यात हेलकावे खातेय, मधोमध जावई.

नाखव्यानं दोन्ही हात तोंडाशी धरून बोंब मारली, जावयबापू, हे काय केलंत?

जोमानं टोप छातीशी धरला, तवा बगलेत धरला आणि तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं:

"मामा, माझं सगळं जागच्या जागी हाय. बोट बांधायची तेवढी तुम्ही विसरलात."